मदत हवी आहे: ९५.६ टक्क्यांवर अल्कोहोल का अडतं, लेकरांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यात बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. काल एका मुलीनं विचारलं, "सर, पाणी १०० अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८.४ ला. मग परत परत ऊर्ध्वपातन केलं तर शुद्ध अल्कोहोल का मिळत नाही?" तिच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे इथेनॉलची (म्हणजे याच अल्कोहोलची) चर्चा घरात रोजचीच. प्रश्न फार आवडला.

वजनानं ९५.६ टक्के झालं की मिश्रण ७८.२ अंशांना उकळतं, वाफेतही तेच प्रमाण राहतं, हे सांगितलं. राऊल्टच्या नियमापासूनचं (मिश्रणातल्या घटकाचा बाष्पदाब त्याच्या प्रमाणानुसार ठरतो, हा तो नियम) धन विचलन, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त बाष्पदाब, फळ्यावर काढलं. मग नायट्रिक आम्ल आणि पाण्याचं मिश्रण आलं आणि वर्ग गोंधळला: ६८ टक्क्यांना १२०.५ अंश, दोन्ही घटकांपेक्षा जास्त! रेणूंचं आकर्षण वाढतं म्हणून, हे लेकरं पाठ करतील, पण पटलेलं नाही.

वाफ आणि द्रव नेमके एकाच प्रमाणावर का जुळतात, हे गणित टाळून कसं सांगावं? आणि कुणी आसवनीत काम करत असेल तर झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या बारीक छिद्रांत पाणी अडकवून अल्कोहोल कोरडं कसं करतात, ते सविस्तर लिहाल का? सोमवारी तास आहे.