दोह्यातले नऊ तास

एकाने विचारलंय की दोह्याला नऊ तासांचा थांबा आहे, बिझनेस क्लासचं तिकीट आहे, तर विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे खास प्रतीक्षा-दालनात, एवढा वेळ जातो का? सहज जातो. आमचे आठ तास कसे गेले कळलंच नाही.

आधी तिकीट नीट बघा. कतार एअरवेजच्या 'बिझनेस लाइट' भाड्यात लाउंज धरलेलं नसतं, आणि हे लोकांना दारात गेल्यावर कळतं!

अल मुर्जान नावाची दोन लाउंज आहेत. जुनं विमानतळातल्या पिवळ्या अस्वलाच्या अजस्र शिल्पाजवळ, प्रशस्त, मधोमध पाण्याचं तळं. दुसरं 'द गार्डन', 2023 साली उघडलं, विमानतळातल्या बागेच्या वरच्या अंगाला. माझं मत विचाराल तर दुसरंच. काचेतून खाली झाडांचे शेंडे दिसतात, रात्री दोनला डोळ्यांना तेवढाच गारवा.

पोचल्या पोचल्या शॉवरसाठी नाव लावून टाका. पहाटेची विमानं उतरली की रांग लागते. मग खाणं. हमस (काबुली चण्याचं), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं) वगैरे अरबी पदार्थ आहेतच, पण कुठे करक चहा मिळाला तर सोडू नका. करक म्हणजे आपला 'कडक'च, शब्द इकडूनच तिकडे गेलाय. वेलदोडा, घट्ट दूध, दात शिवशिवतील एवढी साखर. सौ.ने पहिल्या घोटाला नाक मुरडलं आणि नंतर तीन कप रिचवले.

झोपणार असाल तर गजर लावाच. आम्ही होतो तेव्हा आत विमानांच्या घोषणा ऐकू आल्या नाहीत, सगळा कारभार फलकावर.