फुकट कार्ड राहू द्या, जुनी खाती मात्र बंद करा

न वापरलेलं क्रेडिट कार्ड लगेच बंद करावं, असं बरेच जण सांगतात; ते वार्षिक फी लागणाऱ्या कार्डापुरतं पटतं. फुकट कार्डाचं गणित वेगळं आहे. सारख्या मर्यादेची दोन कार्डं असतील आणि वापर एकूण मर्यादेच्या २५ टक्के असेल, तर एक बंद होताच तोच खर्च ५० टक्के दिसतो, आणि त्याने क्रेडिट स्कोअर (कर्ज देताना बँक बघते तो पतीचा आकडा) घसरू शकतो. गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर थांबलेलंच बरं.

न वापरलेली बँक खाती मात्र बंदच करा. वडील गेल्यावर त्यांची तीन विसरलेली खाती निघाली, एकालाही नॉमिनी नव्हता. रक्कम किरकोळ, पण आईला वर्षभर हेलपाटे घालावे लागले, ते बघवत नव्हतं. फक्त आधी त्या खात्याला जोडलेले हप्ते आणि लाभांश दुसरीकडे वळवा, आणि खातं बंद झाल्याचं लेखी पत्र घ्या.