मदत हवी आहे: आई विसरते की तिला ऐकूच येत नाही?

आईचं वय ७२. वर्षभर घरात सगळे म्हणतायत की तिच्या काही लक्षात राहत नाही. परवा सातला निघायचं ठरलं होतं, ती आठच्या हिशेबाने आवरत बसली. तेव्हा पहिल्यांदा शंका आली, तिला 'सात'मधला 'स' ऐकूच आला नसेल तर?

ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) केला. दोन्ही कानांत ५० डेसिबलच्या आसपास, म्हणजे आवाज एवढा मोठा असेल तरच ऐकू येतो, वरच्या पट्टीत त्याहून वाईट. वयानुसार स, फ, थ असे बारीक आवाज आधी जातात, स्वर बरेच टिकतात, असं ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) समजावलं. 'ऐकू येतं गं, पण कळत नाही,' असं आई म्हणायची ते खरंच होतं. आणि आम्ही तिच्यावर ओरडत राहिलो.

आता ती चारचौघांत हसते, मान डोलावते आणि जरा वेळाने आत जाऊन पडते. मैत्रिणींचे फोनही घेत नाही. तुटके शब्द जुळवण्यातच मेंदू दमत असेल, तर लक्षात ठेवायला काय उरणार?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, बदलता येण्याजोग्या १४ गोष्टींत कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं, दोन्ही धरलीत. २०२३च्या 'अचीव्ह' चाचणीत (९७७ जण, वय ७० ते ८४, ३ वर्षं) श्रवणयंत्राने एकूण गटात फरक पडला नाही. पण ज्यांना बुद्धी घसरण्याचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. म्हणून आशा वाटते. पण आईचं यंत्र खणात पडलंय, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणते.

तुमच्या घरी यंत्राची सवय कशी लागली? आणि स्मरणशक्तीची चाचणी आधी करावी की नंतर? कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद

बाबांच्या वेळी हेच झालं. शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना रोज थोडा वेळ यंत्र लावायला सुरुवात केली आणि वेळ वाढवत नेली. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. भांड्यांचा त्रास ऑडिओलॉजिस्टना नक्की सांगा, सेटिंग बदलता येतं. आमचं दोनदा बदलावं लागलं.

स्मरणशक्तीची चाचणी पुढे ढकलू नका, पण यंत्र लावूनच करा आणि कमी ऐकू येतं हे डॉक्टरांना आधी सांगा. प्रश्नच नीट ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच.

घरात आधी हाक मारा, आईंनी तुमच्या तोंडाकडे पाहिलं की मग बोला. त्यांनी 'काय म्हणालीस?' विचारलं तर 'काही नाही, जाऊ दे' असं मात्र म्हणू नका. बाबांना सगळ्यात जास्त तेच लागायचं.