शब्दचर्चा : तपासणी अहवालातला 'रंग जातो' कसा लिहावा?

वडगाव, बेळगाव : परदेशी खरेदीदाराच्या कापड-तपासणी अहवालाचं मराठी इथल्या मागवाल्यांसाठी आणि रंगाऱ्यांसाठी हवं आहे. 'कलर फास्टनेस'ला 'पक्का रंग' चालेल का? धुण्याच्या एकाच चाचणीखाली 'कलर चेंज ४' आणि 'स्टेनिंग ३' असे दोन आकडे असतात. दोन्हीला आपण 'रंग जातो' म्हणतो.

निपाणी : ताई, 'पक्का रंग' हा निकाल झाला. गुणाचं नाव 'रंगाचा पक्केपणा'. खालच्या दोन आकड्यांना मात्र वेगळी नावं हवीतच, कारण इलाज वेगळे आहेत. 'कलर चेंज' म्हणजे मूळ कापडाचा रंगबदल. 'रंग उतरणे' इथे अपुरं पडतं, कारण छटा गडदही होऊ शकते किंवा दुसरीकडे झुकू शकते. 'स्टेनिंग' म्हणजे शेजारच्या कापडाला रंग लागणे. आयएसओ १०५-सी०६ या धुण्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकात नमुन्याला सहा तंतूंची पांढरी पट्टी शिवून धुतात : अ‍ॅसिटेट, सुती, नायलॉन, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक, लोकर. प्रत्येक तंतूला वेगळी श्रेणी मिळते. म्हणून नुसतं 'डाग ३' लिहू नका, 'सुती पट्टीला डाग ३' लिहा. रिअ‍ॅक्टिव्ह (तंतूशी रासायनिक बंध करणाऱ्या) रंगाच्या सुती कापडात असं झालं, तर बहुधा न बसलेला रंग गरम साबणाच्या पाण्यात नीट धुतला गेलेला नसतो. पॉलिएस्टरच्या डिस्पर्स (पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या) रंगाचा डाग नायलॉन-अ‍ॅसिटेटवर दिसतो, तिथे रिडक्शन वॉश (वरवर राहिलेला रंग काढणारी रासायनिक धुलाई) तपासायचा. रंगाऱ्याला हे शब्दातूनच कळलं पाहिजे.

खासबाग : मागावरच्या कानडीत 'बण्ण बिडतद' म्हणतात, म्हणजे रंग सुटतो. मराठीतही 'सुटणे' आणि 'लागणे' ही जोडी ठेवावी. घासून निघणाऱ्या रंगासाठी तिसरा शब्द लागेल. 'घासणी' सुचवते : कोरडी घासणी, ओली घासणी. घासणीच्या आयएसओ १०५-एक्स१२ चाचणीत ९ न्यूटन दाबाने पांढरं सुती कापड १० वेळा पुढे-मागे घासतात. ओल्या घासणीत त्या पांढऱ्या कापडात स्वतःच्या वजनाच्या ९५ ते १०० टक्के पाणी असावं लागतं. पाणी वजन करून न घालता नुसतं भिजवून पिळलं की निकाल दर खेपेला हलतो. गडद लाल, काळा, नीळ यांची ओली घासणी कोरडीपेक्षा खाली येते. अहवालात दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा.

निपाणी : 'घासणी' आवडला. एक इशारा : धुणं, घाम, घासणी यांत ५ सर्वोत्तम आणि १ सर्वांत वाईट, मधे अर्ध्या पायऱ्या. उन्हाचा पक्केपणा ज्या निळ्या लोकर-पट्टीशी ताडून पाहतात, ती १ ते ८ ची आहे. तिथला ५ म्हणजे पूर्ण गुण नव्हेत. श्रेणीशेजारी कमाल आकडा छापावा.

शहापूर, बेळगाव : 'आयएसओप्रमाणे पास' हेही काढून टाका. या चाचण्यांची मानकं कसं तपासायचं ते सांगतात. किती आलं म्हणजे पास, हे खरेदीदाराचं पत्रक ठरवतं. एका गिऱ्हाइकाला ओली घासणी ३ चालते, दुसऱ्याला नाही. म्हणून 'खरेदीदाराच्या मर्यादेत' लिहा. कायद्याची मर्यादा मात्र वेगळी : युरोपात यादीतल्या अमाईनचं (काही रंग फुटून निघणाऱ्या घातक रसायनांचं) प्रमाण दर किलोला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की माल विकताच येत नाही. तिथे 'बंदी असलेले रंग' म्हणणं ढोबळ आहे. सगळे अ‍ॅझो रंग (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) बंद नाहीत, फुटून ती अमाईनं सोडणारेच बंद आहेत.

वडगाव, बेळगाव : आणि 'श्रिंकेज'? 'आटणे' पुरे?

शहापूर, बेळगाव : बोलण्यात पुरे. अहवालात 'मापातला बदल', कारण कापड वाढतंही. उणे चिन्ह आटल्याचं, अधिक वाढल्याचं. ३५ सेंमी अंतराच्या खुणा धुऊन-वाळवून ३३.६ वर आल्या तर उणे ४ टक्के. ताण्याकडून आणि बाण्याकडून वेगवेगळं लिहा.

खासबाग : मोजण्याआधी नमुना २० अंश सेल्सिअस, ६५ टक्के आर्द्रतेत मुरवायचा, धुण्याआधीही आणि नंतरही. पावसाळ्यात आपल्याकडे उघड्यावर ठेवलेलं सुती कापड ओल ओढतं, त्यामुळे १०० चौरस सेंमीची गोल चकती कापून वजनाला १०० ने गुणलं की जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) फुगलेला दिसतो. 'कंडिशनिंग'ला 'मुरवणे' हाच शब्द ठेवा, रंगाऱ्यांना तो लगेच समजतो.