बोटावरची शाई दाखवा, बिलात सूट मिळवा: कुणाचं मतदान वाढतं?

कोथरूडकर
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, की हॉटेलांच्या शाई-सवलतीमुळे शहरातलं मतदान वाढतं आणि नावं ठेवणाऱ्यांना लोकशाहीचं काही पडलेलं नाही. मला पडलेलं आहे, म्हणूनच लिहितेय. इंदूर बघा. १३ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानादिवशी, तिथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलेबी फुकट होती. २०१९ ला तिथे ६९ टक्के मतदान झालं होतं, या वेळी ६२ सुद्धा धड नाही. गडचिरोली-चिमूरला त्याच निवडणुकीत ७१ च्या वर गेलं. तिथे कुणी पोहे वाटले होते?

इंदूरवासी
ताई, अर्धंच सांगताय. काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली. लढतच उरली नाही. २ लाख १८ हजार लोकांनी 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीच नको'चं बटण दाबलं, तो राग होता. त्याचं खापर पोह्यांवर फोडू नका! माझा मुलगा दहाच्या आत उठत नाही. पहिलं मत होतं त्याचं. साडेसहाला अंघोळ करून दारात उभा, म्हणे मित्र छप्पनला थांबलेत. मग शेव-जिरावण घातलेले पोहे खाताना शाईचं बोट वर धरून बसला होता, डाग पुसेल म्हणून. तुमच्या टक्क्यांत हे कुठे बसतं?

टेबल नंबर सात
मी पुण्यात वेटर आहे. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभा. दिवसभर लोकांची डावी तर्जनी बघून बिलावर सूट मारत होतो. माझी कोरी. नाव सांगोल्याच्या यादीत. सुट्टी मागितली तर शेठ म्हणाले, आज ऑफर आहे, गर्दी होणार. एका आजींनी विचारलं, "बाळा, तू दिलंस का रे मत?" मी पाणी आणायला आत गेलो.

कोथरूडकर
हे तर मूळ मुद्द्यापेक्षा भयंकर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाला भरपगारी सुट्टी द्यावीच लागते. मोडली तर मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. कुटुंबाचं एक जेवण त्याहून महाग पडतं.

गल्ल्यावरून
सगळ्या मालकांना एका माळेत ओवू नका. माझं हॉटेल आहे. त्या दिवशी दोनपर्यंत शटर खाली ठेवलं, दुपारचा धंदा सोडला आणि मगच सूट दिली. आणि पोरांनी नाव इथे का हलवू नये? फॉर्म ८ भरायचा. वर्षानुवर्षं पुण्यात राहायचं आणि यादी गावची!

टेबल नंबर सात
आठ जण एका खोलीत राहतो. भाडेकरार नाही, घरमालक कागद देत नाही. पत्ता कुठला लिहू, तुमच्या हॉटेलचा? द्याल का लिहून?

इंदूरवासी
धागा भरकटला. पण या माणसाला उत्तर मिळायला हवं. कोथरूडकर, तुमचे आकडे मला अजून मान्य नाहीत, एवढं लिहून ठेवा.

गल्ल्यावरून
पत्त्याचं लिहून देईन. माझ्याकडे आठ पोरं वरच्या माळ्यावर झोपतात, त्यांना मी कधी विचारलंच नाही, हे खरं. पण दोनपर्यंत बंद ठेवणं हे काहीच नाही, असं म्हणू नका.

टेबल नंबर सात
शेठ, सांगोल्याला जायला पाच तास, यायला पाच. दोनपर्यंतच्या सुट्टीत मी कुठवर पोचतो? आणि लोकसभेला आमच्याकडे मतदान ७ मे ला होतं, पुण्यात १३ ला. ७ तारखेला पुण्यात कुठल्या हॉटेलाचं शटर खाली होतं?