नाताळ: घरातला, बाजारातला आणि कुरिअरने आलेला (अनुभव लिहा)

वसईची_पोर:
काल वहिनीने ऑनलाइन मागवलेला गोठा आला. फायबरचा, आत दिवे, बटण दाबलं की गाणं. सगळं झकास, पण गव्हाणीत बाळ आधीच चिकटवलेलं! तारीख काय, ८ डिसेंबर.

आमच्याकडे गव्हाणी २४च्या रात्रीपर्यंत रिकामी असायची. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून, म्हणजे मिस्सेहून, आलं की घरातल्या सगळ्यात लहानाने बाळ येशू ठेवायचा. पाच वर्षं मान माझा होता, मग धाकटा चालायला लागला आणि माझी नोकरी गेली. गोठ्यापुढच्या शेतासाठी पप्पा पत्र्याच्या ट्रेत नाचणी पेरायचे, वर ओलं फडकं. डोंगर म्हणजे सिमेंटच्या गोणीचा चुरगळलेला कागद, तळं म्हणजे आईचा फुटका आरसा. खर्च काय तो चांदणीच्या पतंगी कागदाचा आणि एका बल्बचा.

तुमच्याकडे काय चालायचं, आता काय चालतं?

फोंड्याचो_भाऊ:
आम्ही हिंदू, शेजार ख्रिश्चन. नाताळात त्यांच्याकडून कोंसुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट यायचं. दोदोल, नेवऱ्या, बेबिंक, वर क्रोशाचा रुमाल. आजी अंडं खात नसे, तर तिच्यासाठी बिनअंड्याचं वेगळं, केळीच्या पानात बांधून. ताट रिकामं परत द्यायचं नाही हा नियम, निदान साखर तरी. दिवाळीला आमचे फोव (पोहे) त्यांच्याकडे. आता दोन्ही सणांना दोन्ही घरांतून काजूकतलीचा खोका जातो. गेल्या वर्षी आमचाच खोका आमच्याकडे परत आला बहुतेक.

चहाबाज:
खोका परत 😂😂 आमच्या सोसायटीत सोनपापडी अशीच फिरते.

दोन_पोरांची_आई:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. रात्री साडेनऊला शाळेच्या ग्रुपवर मेसेज, उद्या सगळ्यांनी सांताच्या ड्रेसमध्ये या. भाड्याचा मिळाला ३५० ला, त्याला आधीच्या पोराचा केचप. दाढी डिंकाने लावली. पोरगा रडला, दाढी ओली, सांता म्हणून गेला आणि बोकड होऊन आला. शिट्टी झाली, येते.

मोडी_लिपी:
तो लाल सांता मुळात कोकाकोलाने काढला. सगळा धंदा.

जुनाट_खोंड:
मोडीराव, नाही हो. कोकाकोलासाठी हॅडन संडब्लॉमने १९३१ पासून चित्रं काढली, त्यांनी तो गुबगुबीत चेहरा घरोघरी नेला. लाल कपड्यांतला सांता त्याआधीही होता. धंदा आहेच, पण श्रेय वाटून द्या. आणि गोठा संत फ्रान्सिस असिसीकरांचा, १२२३, ग्रेच्चो गाव. तिथे खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. बटण नव्हतं.

नगरी_तडका:
आमचं नगर. कॅरलची टोळी रात्रभर घरोघर, पेटी आणि ढोलकी. ना. वा. टिळकांची भजनं, पहाटे तीनला कुणाच्या तरी ओसरीत चहा नि चकली. (हो, चकली. केक परवडायचा कुणाला?) पाच भावंडांना एकाच ताग्यातून कपडे, आम्ही रांगेत चाललो की बँडपथक वाटायचं. हल्ली टेम्पोवर डीजे येतो, दहा मिनिटांत चार गल्ल्या उरकतो. आईला अजून वाटतं ते दार वाजवतील. चहाचं आधण ठेवून बसते.

वसईची_पोर:
नगरी 🥺 आईंना नमस्कार सांगा.

ओसाकाकर:
इथे २५ ला सुट्टीच नसते. ऑफिस, आणि संध्याकाळी केएफसीची रांग. १९७४ पासूनच्या जाहिरातीची कमाल, लोक आधीपासून बुकिंग करतात. आम्हीही करतो, खोटं कशाला बोलू. लेक म्हणते नाताळ म्हणजे चिकन. तिला गोठ्याचा फोटो दाखवला तर म्हणे, ‘हे कुठलं फार्म?’

जर्सीची_सून:
इथे भेटीसोबत गिफ्ट रिसीट जोडायची, म्हणजे न आवडल्यास समोरचा बदलून आणेल. पहिल्या वर्षी मी जोडली नाही, जाऊबाईंनी हळूच विचारलं, हरवली का गं? २६ ला परतीच्या रांगेत अर्धा गाव. सासऱ्यांना दिलेला स्वेटर त्याच रांगेत दुसऱ्याच्या हातात दिसला की काय होतं ते मला विचारा.

पावट्याची_उसळ:
कलकल, म्हणजे नाताळचा तो पिठाचा गोड खाऊ, कुणी करतं का अजून? आमची शेजारीण त्यासाठी दरवर्षी नवा कंगवा आणायची. पिठाची गोळी कंगव्यावर दाबून वळायची की नक्षी उठते. आम्हा पोरांना बसवायची, निम्मी गोळी कच्चीच पोटात.

चहाबाज:
कंगवा नंतर वापरायचे का?

पावट्याची_उसळ:
तिचा नवरा वापरायचा. टक्कल होतं तरी.

वसईची_पोर:
अपडेट. सुरीने बाळ निघेना, वहिनी म्हणाली पाय तुटेल. शेवटी वर हातरुमाल टाकलाय, २४ पर्यंत. भाची शाळेतून आली की रुमाल उचलून बघते आणि परत झाकते. नाचणीही पेरलीय. पत्र्याचा ट्रे नाही म्हणून ऑफिसच्या सीक्रेट सांताने दिलेल्या मगमध्ये. घरातला अकरावा मग, अखेर कामाला आला.

दोन_पोरांची_आई:
आले. मगला खाली भोक नाही ना, पाणी बेताने घाल गं, कुजेल. आणि कुणीतरी सांगा, केकचे मनुके रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवले तर चालतात का? सासूबाई येणार आहेत.

जुनाट_खोंड:
चालतात. फक्त रस फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांच्या वर नको. रम कपाटात ठेवा.