जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) डिस्क ब्रेक: खर्च करावा का?

घाटवेडा: सव्वीस इंची, क्रोमोली (पोलादी मिश्रधातूच्या) फ्रेमची व्ही-ब्रेकवाली जुनी एमटीबी आहे. म्हणजे पॅड रिमवर, चाकाच्या कड्यावर, दाबणारा ब्रेक. पावसात सिंहगड उतरताना ब्रेक दाबला की आधी रिमवरचं पाणी निपटतं, मग कुठे पॅड धरतो. चिखलातली रेती पॅडमध्ये रुतून रिम खरवडते ते वेगळंच. माझं मत, दोन्ही चाकांना डिस्क बसवावी, म्हणजे हबला (चाकाच्या मध्याला) लावलेली चकती पकडणारा ब्रेक. फ्रेमला कॅलिपरचा (चकती पकडणाऱ्या भागाचा) माउंट, म्हणजे बसवायची जागा, नाही, पण कसून बसवायचे अडॅप्टर मिळतात.

तेलकट_हात: अडॅप्टरचं नाव काढू नका! व्ही-ब्रेकचा जोर वर सीट-स्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांवर) पडतो, डिस्कचा सगळा पीळ खाली हबजवळ, डाव्या बाजूला. डिस्क नसलेल्या फ्रेमच्या बारीक नळ्या त्या हिशेबाने बनवलेल्याच नसतात. शिवाय रोटर (डिस्कची चकती) बसेल असं हब हवं, म्हणजे दोन्ही चाकं नव्याने बांधणं आलं. एवढ्या पैशांत थोडी भर घाला आणि सेकंडहँड डिस्कवाली अख्खी सायकल घ्या.

घाटवेडा: या फ्रेमवर बसायची जी सवय झालीय ती सेकंडहँडमध्ये मिळते का?

उताराचा_राजा: दोघेही मागच्या चाकात अडकलात. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. थांबवतं ते पुढचंच. मागे व्ही-ब्रेक राहू द्या. पुढे माउंटवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा), डिस्क हबचं चाक आणि केबलवर चालणारा कॅलिपर लावा. अ‍ॅव्हिड बीबी७ हा असा कॅलिपर एमटीबी आणि रोड अशा दोन प्रकारांत निघाला. त्यातला एमटीबीचा घेतलात तर आत्ताचेच लिव्हर चालतील. रोडचा घेतलात तर लिव्हर कडक लागेल आणि पकड मात्र कमी. फोर्क जुन्याच्याच उंचीचा बघा. ८० मिमीच्या जागी १२० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) लावला की पुढचा भाग उचलला जातो, मग चढावर हँडल भरकटतं. आणि स्टिअररची (फोर्कची वर फ्रेममध्ये जाणारी) नळी सरळ हवी. खाली रुंद होणारी जुन्या हेडट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या नळीत) जातच नाही.

तेलकट_हात: पुढच्याबद्दल मान्य, पण एक राहिलं. कॅलिपर फोर्कच्या मागे असतो, त्यामुळे ब्रेक लागला की अ‍ॅक्सल ड्रॉपआउटमधून (चाकाचा आस बसतो त्या खाचेतून) खाली ढकलला जातो. क्विक रिलीज (चाक आवळणारा खटका) ढिला असेल तर चाक निसटेल. रेडियल स्पोकचं (तारा एकमेकींना न ओलांडता सरळ जातात ते) चाकही नको. मी तर म्हणतो, आधी कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे पॅड आणि नवी केबल टाकून बघा.

घाटवेडा: तेच पॅड आहेत. पकड सुधारली, पण पुढच्या रिमवर बोट फिरवलं तर आता खोलगट लागतं.

उताराचा_राजा: मग वाद कशाला? भिंत पातळ झालेली रिम टायरच्या हवेनेच फाटू शकते. ती बदलायचीच आहे, तर नवी रिम डिस्क हबवर बांधा. जास्तीचा खर्च फक्त हब, फोर्क, रोटर आणि कॅलिपरचा.

तेलकट_हात: 'फक्त' म्हणे! सगळ्यात महाग फोर्कच. आणि मागची रिमही त्याच चिखलात झिजतेय.

उताराचा_राजा: मागे साधी रिम टाकायची, झिजली की दुसरी. चांगला फोर्क एकदाच घ्यावा लागतो.

तेलकट_हात: सव्वीस इंची चांगला फोर्क आधी शोधून दाखवा, मग बोलू.